विम्याचा हप्ता आणि बांबोळीची रांग

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज आरोग्यविम्याची एखादी तरी पॉलिसी असते. दर वर्षी तिच्या नूतनीकरणाचा संदेश येतो आणि गेल्या वर्षीपेक्षा मोठा आकडा घेऊन येतो. साठी ओलांडली की हा आकडा पेन्शनीच्या हिशेबात मावेनासा होतो. आपण कुरकुरतो, कंपनीला नावे ठेवतो आणि मुदत संपायच्या आत पैसे भरतो, कारण न भरण्याची हिंमत होत नाही. त्याच वेळी आपल्याकडे ‘बांबोळी’ही आहे. ते एका गावाचे नाव असले तरी गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ ठरून गेलेला आहे. ‘त्याला बांबोळीला हलवले’ असे कोणी म्हणाले, की गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेले हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे निघताना गोवेकर पॉलिसीची फाइल शोधत नाही. मात्र सकाळी लवकर निघतो, कारण रांग लागते हे त्याला ठाऊक असते.

हप्ता आणि रांग यांच्यात निवड करताना आपण सहसा एवढेच म्हणतो, की सरकारी ते फुकट आणि खासगी ते चांगले. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. फुकट तर दोन्हींपैकी काहीच नाही. फरक आहे तो पैसे कोणी, केव्हा आणि कशाच्या हिशेबाने भरायचे, यात.

मुळात दोन्ही मार्गांची कल्पना एकच. आजारपण कोणावर आणि केव्हा येईल हे सांगता येत नाही आणि आले तर एकट्याला पेलत नाही. म्हणून सगळ्यांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याच्यासाठी त्यातून खर्च करायचा. इथवर कोणाचे दुमत नाही. वाट फुटते ती पुढच्या प्रश्नावर: प्रत्येकाने किती घालायचे? ज्याची जशी कमाई तसे, की ज्याची आजारी पडण्याची जशी शक्यता तसे? हा प्रश्न ऐकायला हिशेबनिसाचा वाटतो. पण दोन देशांची आरोग्यव्यवस्था याच प्रश्नाच्या दोन उत्तरांतून कशी घडली, हे पाहिले की त्याचे वजन कळते.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात १९२९ मध्ये बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयापुढे थकलेल्या बिलांचा ढीग होता. तिथला कारभार जस्टिन किंबल यांच्याकडे होता. ते पूर्वी शहराच्या शाळांचे प्रमुख होते. बिल थकवणाऱ्यांत शाळाशिक्षक बरेच आहेत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि शिक्षकाचा पगार किती असतो हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांनी तोड काढली. शिक्षकांनी महिन्याला ५० सेंट द्यावेत आणि त्या बदल्यात गरज पडल्यास वर्षाला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहून उपचार घ्यावेत. हजाराहून अधिक शिक्षक सामील झाले. पाठोपाठ महामंदी आली, रिकाम्या खाटांनी हवालदिल झालेल्या इतर रुग्णालयांनी हीच युक्ती उचलली आणि त्यातून पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजना उभ्या राहिल्या. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की सुरुवातीला सगळ्यांना एकच हप्ता होता. तरुण शिक्षिका आणि निवृत्तीला टेकलेला मुख्याध्यापक दोघेही ५० सेंटच देत. निरोगी माणूस नकळत आजाऱ्याचा भार उचलत होता.

मग बाजार आला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने मजुरीवाढ गोठवली तेव्हा कारखानदारांनी कामगार टिकवण्यासाठी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला. त्यावर कर लागत नसल्यामुळे ही पद्धत युद्धानंतरही राहिली. विमा हा मोठा धंदा झाला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनी एक साधी गोष्ट ताडली. सगळ्यांना एकच हप्ता लावणाऱ्या योजनेतून तरुण, निरोगी लोकांचा गट निवडून बाहेर काढायचा आणि त्यांना कमी हप्ता सांगायचा. तरुण मंडळी खुशीने गेली. मागे राहिलेल्यांत वयस्क आणि आजारी यांचे प्रमाण वाढले, तसा त्यांचा हप्ता वाढला. हप्ता वाढला म्हणून त्यांच्यातले बरे असलेले आणखी काही निघून गेले. शेवटी टिकून राहायचे तर ब्लू क्रॉसच्या योजनांनाही माणसे पारखून घेणे भाग पडले.

यात कोणी दुष्ट नव्हते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्याकडे विमा कंपन्यांविषयी बोलताना लबाडी हा शब्द फार लवकर येतो. लबाडी होतही असेल; पण ती पूर्णपणे थांबली तरी पारख थांबणार नाही. ज्या कंपनीला दुसरीशी स्पर्धा करायची आहे तिला जोखीम मोजावीच लागते, आणि जोखीम मोजणे म्हणजे माणसे वेगळी काढणे. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज, तोच कंपनीच्या दृष्टीने सर्वांत नकोसा गिऱ्हाईक. खाटिक प्रेमळ असला म्हणून बोकडाचा हिशेब बदलत नाही.

परिणाम असा झाला की तीसेक वर्षांत अमेरिकेतले म्हातारे आणि गरीब या व्यवस्थेच्या बाहेर पडले. ट्रुमन यांनी १९४५ मध्येच सर्वांसाठी राष्ट्रीय विमा मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला समाजवादी औषध म्हणून झोडपले आणि तो बारगळला. अखेर १९६५ मध्ये जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आणल्या. म्हणजे ज्यांच्यावर नफा होत नाही ते सरकारने घ्यायचे आणि ज्यांच्यावर होतो ते कंपन्यांनी, अशी वाटणी झाली. आधीपासून आजार असलेल्याला विमा नाकारायला बंदी घालणारा कायदा व्हायला २०१० साल उजाडले आणि ती बंदी प्रौढांना पूर्णपणे लागू झाली २०१४ मध्ये. त्याच कायद्याने असेही बजावले की जमा हप्त्यांपैकी किमान ८० ते ८५ टक्के रक्कम उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्च झाली पाहिजे. असे कायद्याने बजावावे लागले, यावरून आधीची परिस्थिती ओळखावी.

आज अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन सुमारे ११ टक्के. तरीही अमेरिकेत २०२३ मध्ये अडीच कोटींहून अधिक माणसे विम्याविना होती आणि तिथले सरासरी आयुर्मान ब्रिटनपेक्षा दोन-तीन वर्षांनी कमी आहे. आयुर्मानाला खाणेपिणे, बंदुका, अमली पदार्थ अशी इतरही कारणे आहेत, सगळे विम्याच्या माथी मारू नये. पण जास्त पैसे टाकून कमी मिळते एवढे मात्र खरे. तिथला बराच खर्च उपचारांवर नसून हिशेबावर होतो. प्रत्येक रुग्णालयात बिले लिहिणारे, प्रत्येक कंपनीत ती तपासणारे, आणि दोघांच्या भांडणात फोनवर ताटकळणारा रुग्ण. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी भेटीला जाताना काढलेली पाहुण्यांची पॉलिसी एकदा बारकाईने वाचावी. आपल्याला आधीपासून असलेला मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी तिच्यात काय लिहिले आहे ते पाहावे. मुलगा नोकरी बदलायला का कचरतो, याचेही निम्मे उत्तर विम्यात असते. तिथे नोकरी गेली की बहुधा पॉलिसीही जाते.

आता अटलांटिकच्या अलीकडे, वेल्समधल्या ट्रेडेगर नावाच्या कोळसा-खाणींच्या गावी जाऊ. इथेही गोष्ट डॅलससारखीच सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या खाणकामगारांनी आणि पोलादाच्या कारखान्यातल्या मजुरांनी एक वैद्यकीय मदत सोसायटी काढली. पगारातल्या प्रत्येक पाउंडामागे काही पेनी कापून घ्यायच्या आणि त्यातून सोसायटीने डॉक्टर, परिचारिका आणि पुढे रुग्णालय चालवायचे. हळूहळू जवळजवळ सगळे गाव तिच्या आश्रयाला आले. डॅलसच्या योजनेशी फरक दोन जागी होता. वर्गणी पगाराच्या प्रमाणात होती, आणि सोसायटी कामगारांची स्वतःची होती. तिला कोणाशी स्पर्धा करायची नव्हती. छातीत कोळशाची धूळ साचलेल्या खाणकामगाराला जास्त वर्गणी सांगावी, असे कोणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते. सगळ्यांच्याच छातीत ती धूळ होती.

साहित्यप्रेमींना हे गाव दुसऱ्या वाटेने माहीत असण्याचा संभव आहे. ए. जे. क्रोनिन हे तरुणपणी, १९२०च्या दशकाच्या आरंभी, या सोसायटीचे डॉक्टर होते. त्या अनुभवावर त्यांनी १९३७ मध्ये ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली. विजय आनंद यांचा १९७१चा ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट तिच्यावरच बेतलेला. खाणीच्या वस्तीतला ध्येयवादी डॉक्टर शहरातल्या श्रीमंत रोग्यांच्या नादी लागतो ती गोष्ट. क्रोनिन यांनी सोसायटीची आरती ओवाळलेली नाही. त्यांच्या नायकाचे कमिटीशी खटके उडतात, आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेतले राजकारण ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ती पाने ओळखीची वाटतील. पण लंडनमधल्या श्रीमंतांच्या दवाखान्यांचे त्यांनी केलेले चित्रण त्याहून जहाल आहे. पैसे रोग्याच्या खिशातून थेट येऊ लागले की डॉक्टरच्या निदानावर त्यांची सावली कशी पडते, हे त्या काळच्या वाचकांनी तिथे वाचले.

याच ट्रेडेगरचे अॅनायरिन बेव्हन. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले, वडील छातीत धूळ साचून गेलेले, आणि पुढे सोसायटीच्या हॉस्पिटल समितीवर काम केलेले. बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल १९४२ मध्ये आला, युद्धानंतर मजूर पक्ष सत्तेवर आला आणि बेव्हन आरोग्यमंत्री झाले. गावच्या सोसायटीने जे केले ते देशभर करायचे, असे त्यांच्या कामाचे साधे वर्णन करता येईल. वर्गणीच्या जागी मुख्यतः कर आले. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. १९४८च्या फेब्रुवारीत त्यांनी आपसांत घेतलेल्या मतदानात दहांपैकी जवळजवळ नऊ डॉक्टर विरोधात होते. बेव्हन यांनी मोठ्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना खासगी रुग्ण पाहण्याची मुभा देऊन फोडले, आणि ५ जुलै १९४८ रोजी नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. त्या दिवसापासून दारात पैशाचा प्रश्न विचारणे बंद झाले.

पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त मागणी कशाला आली? चष्म्यांना आणि दातांच्या कवळ्यांना. लोकांना वर्षानुवर्षे दिसत नव्हते, चावता येत नव्हते आणि परवडत नाही म्हणून ती माणसे गप्प बसली होती. सरकारचा अंदाज पार कोलमडला. जी व्यवस्था पैसे घेऊन चालते तिला फक्त पैसे असलेल्यांची गरज दिसते. बाकीच्यांची गरज कोणत्याच वहीत नोंदली जात नाही. मला त्या आयुर्मानाच्या आकड्यांपेक्षा या कवळ्या जास्त बोलक्या वाटतात. खर्च वाढला म्हणून १९५१ मध्ये सरकारने चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचे ठरवले, आणि ज्यांनी ही सेवा उभी केली त्या बेव्हन यांनी त्यापायी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

आज त्या सेवेची प्रकृती ठीक नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञांच्या भेटीसाठीची प्रतीक्षायादी २०२३ मध्ये सत्तर लाखांच्या पुढे होती. दातांचा सरकारी डॉक्टर मिळणे अनेक भागांत मुश्किलीचे झाले आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला जाऊन राहिलेल्या आपल्या गोवेकरांना विचारा. गुडघ्यासाठी, मोतीबिंदूसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते म्हणून सुटीत गोव्याला येऊन खासगीत काम उरकणारे त्यांच्यात भेटतील. करांवर चालणाऱ्या सेवेत पैशाच्या जागी वेळ मोजावा लागतो, आणि सरकारने हात आखडता घेतला की तो वेळ लांबतो. इथे मात्र एक फरक आहे. त्या यादीत तुमचा क्रम तुमची गरज पाहून लावायचा असतो, तुमची पॉलिसी पाहून नव्हे. अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला किंवा कर्करोगाचे निदान झाले, तर त्या घरातले पहिले वाक्य ‘पैशाचे काय करायचे’ असे नसते. आणि यादी लांबली की वर्तमानपत्रे ओरडतात, निवडणुकीत तो विषय होतो. विमा नाकारलेल्यांची अशी यादी कोणी छापत नाही.

आपल्या देशाने यांपैकी कोणता मार्ग घेतला? कागदावर पहिला आपण उत्तम निवडला होता. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, असे तत्त्व धरून सरकारी खर्चाची व्यवस्था आखली. अल्पमुदतीच्या योजनेत ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना तिचीच. १९४८ मध्ये, म्हणजे ब्रिटनच्याच वर्षी, आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा झाला. ईएसआयच्या कार्डाला आपण मध्यमवर्गीय नाक मुरडतो, पण त्यातली वर्गणी पगाराच्या टक्क्यांत कापली जाते, आजाराच्या शक्यतेवर नाही. ती आपली ट्रेडेगर आहे. पैशाअभावी आणि अनास्थेने मळलेली असली तरी.

पुढे पैसे कमी पडत गेले. १९८६ मध्ये मेडिक्लेम आला, २००० नंतर खासगी विमा कंपन्या आल्या, आणि ज्यांना परवडत होते ते सरकारी रुग्णालयातून निघून गेले. सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२१–२२ मध्येही राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतच होता. २०१७च्या धोरणात २०२५पर्यंत अडीच टक्क्यांचे लक्ष्य धरले होते.

खासगी पॉलिसीत डॅलसनंतर जे झाले ते सगळे आपल्याला दिसते. वयाप्रमाणे हप्ता, आधीच्या आजारांना प्रतीक्षाकाळ (तो २०२४ मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला), आणि बारीक अक्षरांतली कलमे. एकच कलम उदाहरणादाखल घेऊ. समजा, तुमची पॉलिसी तीन लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. रुग्णालयात ३,०००ची खोली रिकामी नाही म्हणून तुम्ही ६,०००ची घेतली. तुम्हाला वाटेल, जास्तीचे ३,००० आपल्या खिशातून जातील. तसे नसते. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असेल तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही निम्मेच मिळतात. ते एक लाखाचे असतील तर ५०,००० तुमचे. ही गोष्ट बहुतेकांना घरी जायच्या दिवशी, बिलाच्या खिडकीपाशी समजते.

गरिबांसाठी सरकारने गेल्या काही वर्षांत तिसरा रस्ता काढला: पैसे करांचे, पद्धत विम्याची. हैदराबादकर वाचकांना २००७ ची आरोग्यश्री आठवत असेल. महाराष्ट्रात २०१२ मध्ये जीवनदायी आली, गोव्यात २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, आणि देशभर २०१८ मध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची आयुष्मान भारत. या कार्डांमुळे अनेकांची हृदयशस्त्रक्रिया झाली, अनेकांचे डायलिसिस चालू आहे. त्यांना हिणवणे अन्यायाचे होईल. पण कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच उघडते. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, मुलाचा ताप, डोळे तपासणे, हे त्यात नाही, आणि सामान्य घराचा पैसा झिरपतो तो इथेच. सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३–१४ मध्ये ६४ टक्के होता. तो २०२१–२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. उतरला हे खरे, पण अजून पाचांतले दोन रुपये खिशातलेच आहेत. रोजची गोळी वेळेवर आणि फुकट मिळते ती कार्डाने नव्हे, उपकेंद्राने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने.

म्हणून बांबोळीकडे वेगळ्या नजरेने पाहावे असे मी म्हणतो. १८४२ मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेली वैद्यकशाळा हे त्याचे मूळ, मुक्तीनंतर १९६३ मध्ये ते गोवा मेडिकल कॉलेज झाले. तिथे गर्दी आहे, नातेवाइकांना धड बसायला जागा नसते, एका चाचणीसाठी तीन खिडक्या फिराव्या लागतात. पण मंत्र्याचा ड्रायव्हर आणि खाजन शेतीतला मजूर यांच्यात दारात कोणी पारख करत नाही. वडोदऱ्याचे सयाजी रुग्णालय, इंदूरचे एम. वाय., ग्वाल्हेरचे जयारोग्य, हैदराबादचे उस्मानिया, आपल्या मराठी वस्त्या जिथे जिथे रुजल्या त्या प्रत्येक शहरात असे एक रुग्णालय आहे आणि प्रत्येकाविषयी अशीच तक्रार आहे. त्यांच्यातून आपण, म्हणजे अर्ज लिहू शकणारे आणि आमदाराला फोन करू शकणारे लोक, पॉलिसी घेऊन निघून गेलो, तेव्हा तक्रार करणाराही निघून गेला.

करांच्या मार्गाची स्वतःची एक पारख मात्र आहे, आणि सीमाभागातल्या वाचकांना ती सांगायला नको. कर ज्याचा, रुग्णालय त्याचे, असे म्हटले की राज्याची हद्द आडवी येते. २०१८च्या जानेवारीपासून बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेणे सुरू झाले. गोव्याच्या बाजूने हिशेब सरळ होता. पण दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले इथल्या लोकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या मोठे रुग्णालय म्हणजे बांबोळीच होते. दोडामार्गात लोक रस्त्यावर आले. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ मराठी सीमागावांना लागू करायची ठरवली, तर तिकडून आक्षेप आला. उपचाराचे कार्डही दोन राज्यांच्या वादात सापडले. इकडे सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते वाढेल, तिथे तज्ज्ञ टिकतील, तशी ही तक्रार कमी होत जाईल. तोवर रात्री अपघात झाला तर दोडामार्गाहून ओरोसपेक्षा बांबोळी जवळ आहे.